बडोद्याच्या काकूंना, काष्टा आणि 'बोल्दी' शिकवल्याबद्दल

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

उझबेकिस्तानातल्या समरकंदच्या सहलीआधी दांडिया बाजारात तुमच्याकडे यायचं ते नऊवारी नेसायला शिकण्यापुरतं, असं ठरलं होतं. तुम्ही नजरा झेलायलाही शिकवलंत. म्हणून हे उघड पत्र.

आधी साडी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. सुळसुळीत रेशमाची कमरेची गाठ सैल झाली की ओचा, काष्टा सगळंच उतरतं. म्हणून तुम्ही कॉटन-सिल्क घ्यायला लावलंत आणि काष्टा खोचल्याबरोबर उकिडवं बसवलंत. बसताना तो मागे ओढला गेला, तर सोडून पुन्हा नेसायचं. समरकंदच्या शाह-ए-झिंदा या समाधीसंकुलाच्या पायऱ्या चढताना या परीक्षेचं मोल कळतं. आणि पदराच्या पिनेत आधी एक मणी ओवायचा! पिनेच्या वेटोळ्यात धागे अडकून पदर फाटतो. मणी कापड तिथवर जाऊच देत नाही.

आता नजरा. तिथल्या रेगिस्तान चौकात दहा-बारा नऊवाऱ्या दिसल्या की "हिंदिस्तोन? राज कपूर!" अशी हाक येणारच. ती प्रेमाची असते. घोळ होतो फोटोंचा. एकीला हो म्हटलं की तिची सून, नणंद, नातवंडं रांगेत, आणि पाऊण तासाच्या थांब्यात उलूगबेगचा मदरसा बाहेरूनच बघायचा. तुमचा तोडगा असा: फोटोच्या आधीच बोट वर करून "बित्ता", म्हणजे एक. झाला की हात छातीशी नेऊन "रहमत, बोल्दी": आभार, पुरे. छातीवर हात ठेवणं ही तिथलीच रीत, त्यामुळे नकार टोचत नाही. नुसती मान डोलवायची नाही. आपली डोलणारी मान हो म्हणते की नाही, हे परक्याला कळत नाही.

कपाळाकडे कुणी बोट नेलं तर मागे सरायचं नाही, पाकिटातली एक टिकली काढून तिच्याच कपाळी लावायची. हे तर कुठल्याच सहल कंपनीच्या कागदात नसतं.

एक प्रश्न मात्र तुम्ही मुद्दाम विचारलात, काकू: आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात गोरी बाई दिसली की न विचारता मोबाईल कोण काढतं? सगळ्या गप्प.

दुसरी तुकडी कोजागिरीनंतर निघतेय. त्यांना शनिवारी तुमच्याकडे शिकायला पाठवतो. मणी आणि पिना त्या घेऊन येतील.

तुमच्या,
रावपुऱ्याच्या विद्यार्थिनी