काकू, तुमच्या ओट्याशी घालवलेल्या त्या शनिवारांसाठी

ती. काकूंस,

सा. न. वि. वि.

तुम्ही आभार मानू देत नाही. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आले तेव्हा म्हणालात, "मानायचेच असतील तर चार लोकांत मान. आपल्याकडची पोरं कर्ज लपवतात, निदान ती तरी वाचतील." म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

डिसेंबर २०२३मध्ये मी पहिल्यांदा तुमच्या दारात उभी राहिले. रात्रपाळी संपवून थेट आले होते, हॉस्पिटलचे कपडेही बदलले नव्हते. खालच्या मजल्यावरच्या काकू कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसातून निवृत्त झाल्या आहेत, एवढंच आईकडून कळलं होतं. हातात बँकेचं स्टेटमेंट होतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दोन हप्ते भरूनही खात्यावर लाल अक्षरांत 'थकीत' दिसत होतं. तुम्ही आधी चहा ठेवलात. मग विचारलंत, "पैसे गेले कुठे ते बघितलंस का?" मी म्हटलं, भरले ना. तुम्ही म्हणालात, "भरले ते बँकेने सांगितलं. जमा झाले का, ते कोण सांगणार?"

आम्ही २०१२ साली आत्याच्या स्पॉन्सरशिपवर न्यू जर्सीला आलो. ग्रीन कार्ड असल्यामुळे मला नर्सिंगसाठी अमेरिकन सरकारचं विद्यार्थी कर्ज मिळालं. चार वर्षांचं मिळून २७,००० डॉलर. मे २०२०मध्ये पदवी हातात आली तेव्हा कोविडमुळे हप्ते आणि व्याज दोन्ही थांबवलेले होते. व्याज पुन्हा सुरू झालं १ सप्टेंबर २०२३ला, आणि हप्ते ऑक्टोबरमध्ये. मधल्या साडेतीन वर्षांत मी घर बदललं होतं आणि माझं कर्जही एका सर्व्हिसरकडून, म्हणजे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडून, दुसऱ्याकडे गेलं होतं. त्याचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. मी बँकेतून हप्ता पाठवत राहिले तो जुन्याच सर्व्हिसरच्या नावावर, जुन्याच खाते क्रमांकावर.

कर्ज देणारं सरकारचं शिक्षण खातं वेगळं आणि ही कंत्राटी कंपनी वेगळी, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की सर्व्हिसर बदलला तरी कर्ज तेच राहतं, दर तेच, अटी त्याच, फक्त पैसे द्यायची खिडकी बदलते. आणि खरी खिडकी कुठली हे सरकारच्या स्टुडंट एडच्या साइटवर स्वतःच्या लॉगिनने कधीही बघता येतं. तिथे माझं खातं उघडलं तेव्हा मी दचकले. मला वाटत होतं एक कर्ज आहे. होती आठ! दरवर्षीची दोन, एक सब्सिडाइज्ड (शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं ते) आणि एक अनसब्सिडाइज्ड (ते व्याजही आपल्याच माथी असतं ते), आणि प्रत्येक वर्षाचा दर निराळा.

मग तुम्ही सर्व्हिसरच्याच पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहायला घेतलंत. ते पाकीट अजून माझ्याजवळ आहे. पहिल्या वर्षाचे ५,५०० डॉलर ३.७६ टक्क्यांनी, दुसऱ्याचे ६,५०० डॉलर ४.४५ने, तिसऱ्याचे ७,५०० डॉलर ५.०५ने, चौथ्याचे ७,५०० डॉलर ४.५३ने. प्रत्येकाला दराने गुणून ३६५ने भागायला लावलंत. तिसऱ्या वर्षाचं एकटं कर्ज दिवसाला १ डॉलर ४ सेंट खात होतं. सगळी मिळून ३ डॉलर ३३ सेंट. "तू झोपलीस तरी हे चालू असतं," तुम्ही म्हणालात. मला त्याने भीती वाटायला हवी होती, पण उलट झालं. तोवर ते कर्ज म्हणजे नुसताच काळोख होता. आता त्याला आकडा मिळाला होता, आणि तीन डॉलर तेहतीस सेंट हा आकडा मला पेलण्यासारखा होता.

हे का महत्त्वाचं होतं तेही सांगते. बाबा 'कर्ज' हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. मिरजेजवळच्या आमच्या गावात आजोबांचं सोसायटीचं पीककर्ज थकलं होतं आणि थकबाकीदारांच्या यादीत त्यांचं नाव चावडीवर लागलं होतं. बाबा तेव्हा सहावीत होते. आमच्या घरी कर्जाबद्दल विचारणं म्हणजे त्या यादीकडे बोट दाखवणं. म्हणून मी दोन महिने ते लाल अक्षर एकटीच बघत बसले होते. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही मला समजावत बसला नाहीत. फक्त म्हणालात, "चावडी इथे नाही. सप्टेंबर २०२४पर्यंत हप्ता चुकला तरी क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कोण कर्ज फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना, कळवणार नाहीत, सरकारने तेवढी सवलत दिली आहे. व्याज मात्र चालू आहे. चल, फोन लाव."

फोन तुम्ही केला नाहीत, मला करायला लावलात. स्पीकरवर ते संगीत वाजत होतं आणि तुम्ही मेथी निवडत होता. मेथी झाली, मग मटार सोलून झाले, तरी संगीत चालूच. तासाभराने माणूस आला. माझा आवाज कापायला लागला तेव्हा तुम्ही वही पुढे सरकवलीत. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, तक्रारीचा क्रमांक. "हे आधी विचार, रडायचं ते नंतर." दोन्ही हप्त्यांचे बँकेचे पुरावे आपण त्याच दिवशी अपलोड केले. पैसे नव्या खात्यात, मूळ तारखेने, जमा व्हायला सात आठवडे आणि आणखी चार फोन लागले. चारही फोनांना ती वही होती. दर वेळी नवा माणूस यायचा आणि दर वेळी मी आधीच्याचं नाव आणि क्रमांक वाचून दाखवायची. त्याच शनिवारी ऑटोपेही, म्हणजे हप्ता बँकेतून आपोआप कापायची सोय, लावलात, दरात पाव टक्का सूट मिळते म्हणून. माझ्या हिशेबात ते वर्षाला ६७ डॉलर.

जानेवारीत मी तुम्हाला न विचारता एक गोष्ट केली. बाबांनी साठवलेले १,००० डॉलर दिले, "मुद्दलात टाक" म्हणाले, आणि मी एका झटक्यात भरून टाकले. पुढचे तीन महिने बिल शून्य आलं, ऑटोपेनेही काही कापलं नाही. मी खूश होते. एप्रिल संपताना शिल्लक बघितली तर मधल्या काळात जवळजवळ २९० डॉलर व्याज साचलं होतं. बाबांना काय सांगू, या विचाराने जेवण गेलं नाही.

तुम्ही चिडला नाहीत. "तू जादा भरलेस, त्यांनी ते पुढचे हप्ते आधीच आले असं धरलं. बिल शून्य म्हणजे व्याज शून्य नव्हे." आलेली रक्कम आधी साचलेल्या व्याजात जाते, उरलं तर मुद्दलात. जादा पैसे कुठे लावायचे ते आपण लेखी सांगायचं असतं, नाहीतर ते त्यांच्या नियमाने वाटतात. माझे आठही कर्जांत थोडेथोडे वाटले गेले होते. मग तुम्ही खात्यातल्या मेसेजमध्ये मला दोन वाक्यं लिहायला लावलीत: जादा रकमेमुळे पुढची तारीख सरकवू नका, दर महिन्याचं बिल चालू ठेवा. आणि जादा रक्कम सर्वात जास्त दराच्या कर्जावर लावा. उत्तर यायला तीन आठवडे लागले, पण आलं, आणि ते छापून वहीत चिकटवलं आहे.

त्याच सुमाराला कर्जमाफी मिळवून देतो म्हणून एकाचा फोन आला होता, ६०० डॉलर आणि माझा पासवर्ड मागत होता. मी कार्ड काढलंही होतं. तुमच्या दारावरची थाप आठवते ना? तुम्ही सांगितलंत की सरकारी कर्जाचा कुठलाही अर्ज फुकट असतो आणि पासवर्ड आईलाही द्यायचा नाही.

काकू, तुम्ही मला एक पैसाही उसना दिला नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. तुम्ही दिले असते तर मी घेतले असते, आणि तुमच्यापासूनही तोंड लपवलं असतं.

गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाची दोन्ही कर्जं फिटली. रात्रपाळीचे जादा पैसे, दर महिन्याला २०० डॉलर, सगळे त्यांच्यावर लावले होते. पडद्यावर ०.०० दिसलं त्याचा फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो पुन्हापुन्हा बघितला आणि मग पहिल्यांदाच, मोठ्या आवाजात विचारलं, "आता कुठलं?"

आता ४.५३वालं. या शनिवारी वही घेऊन येते. बाबाही येणार म्हणतात. मेथी आणू नका, मी आणते, आणि निवडेनही मीच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची