आधी कॉर्नियाची जाडी, मग लेझरचा दर

संपादक महाशय,

पोलीस भरती जवळ आली की चष्मा घालवून देणाऱ्या लेझरच्या जाहिराती आपल्या कोकणातही दिसू लागतात. त्यातला आकडा पुष्कळदा एकाच डोळ्याचा आणि ब्लेडने कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा पापुद्रा (फ्लॅप) उचलून करायच्या जुन्या लेसिकचा असतो. दोन्ही डोळ्यांचा विचार केला तर फ्लॅप न कापता वरूनच लेझर मारायचे पीआरके किंवा ब्लेडचे लेसिक साधारण 25 ते 50 हजारांत होते. फ्लॅपही लेझरनेच कापणारे फेम्टो लेसिक लाखाच्या आसपास, बारीक छेदातून करायचे स्माईल त्याहून थोडे वर आणि डोळ्यात लेन्स बसवायची आयसीएल दीड लाखाच्या पुढे जाते. पण दर बघून पद्धत निवडणे म्हणजे जमीन न पाहता घराचा नकाशा काढणे.

हिशेब मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा आहे. समजा कॉर्निया 480 मायक्रॉन जाड आहे आणि नंबर उणे 6. लेझर एका नंबरामागे साधारण 14 मायक्रॉन झिजवतो, म्हणजे 84 गेले. फेम्टोची फ्लॅप 110 ची. खाली उरले 286. किमान 250 उरावेत असा जुना दंडक असला, तरी 300 च्या खाली जायला सावध सर्जन तयार होत नाही. ब्लेडची फ्लॅप 130-150 ची निघाली तर शिल्लक आणखी घटते. मग काही वर्षांनी कॉर्निया पुढे फुगू लागण्याचा आणि चष्म्यानेही नीट न दिसण्याचा धोका वाढतो. ज्यांचा सिलिंडर (तिरका) नंबर दरवर्षी वाढतो, जे अॅलर्जीमुळे सतत डोळे चोळतात, त्यांच्यात केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या विकाराची, शंका आधी फेडायला हवी. ती शंका राहिली तर जाडी पुरेशी असूनही लेझर नाकारला जातो, आणि ते योग्यच आहे.

कॉर्नियाची जाडी आणि आकार तपासायला जाताना मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान आठवडाभर आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर कॉर्नियाचा नकाशा चुकीचा येतो आणि मुंबई-कोल्हापूरची खेप फुकट जाते. वय 18 पूर्ण आणि वर्षभरात नंबर 0.5 हून जास्त बदललेला नसावा.

आपल्याकडे कबड्डी घरोघरी, म्हणून हेही सांगतो. लेसिकची फ्लॅप पूर्वीइतकी घट्ट कधीच जुळत नाही. कोपर लागून ती सरकू शकते. खेळाडूंना पीआरके किंवा स्माईल बरे. स्माईलमध्ये दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून पातळ चकती काढतात, फ्लॅप नसते. पीआरकेमध्ये तीन-चार दिवस डोळे चुरचुरतात, नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे लागतात आणि उन्हात गॉगल न वापरल्यास कॉर्नियावर धूसरपणा येण्याचा धोका वाढतो. भरतीत कोणती शस्त्रक्रिया चालते ते मात्र त्या-त्या जाहिरातीतच वाचावे.

खर्चात पुढच्या खेपाही धरा: दुसरा दिवस, आठवडा, महिना, तीन महिने. देवगड किंवा गुहागरहून दोघांचे भाडे आणि मुक्काम जोडला की स्वस्त पॅकेज तितकेसे स्वस्त राहत नाही. थेंब, तपासण्या आणि नंबर थोडा उरल्यास दुसऱ्यांदा लेझर त्यात आहे का, ते लेखी घ्या. 7.5 पेक्षा कमी नंबरासाठी आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. महिनाभर समुद्रात, नदीत पोहणे बंद. चिरेखाणीच्या धुळीपासूनही डोळे जपावेत.

स्टेरॉइडचे थेंब संपले की गावातल्या मेडिकलमधून पुन्हा आणून घालत राहणे ही नेहमीची चूक. त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि पातळ झालेल्या कॉर्नियावर तो दाब मोजताना कमीच दिसतो, त्यामुळे वेळीच लक्षात येत नाही.

शस्त्रक्रियेआधीचा नंबर आणि कॉर्नियाच्या वक्रतेचे कागद जन्मभर जपून ठेवा. साठीत मोतीबिंदू झाला की आतल्या लेन्सचा नंबर काढायला डॉक्टर तेच मागतील.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, कणकवली