निक केव्ह यांच्या पत्रांतले यश

रविवारच्या पुरवणीतील लेखात ऑस्ट्रेलियन रॉक गायक निक केव्ह यांनी चाहत्यांना लिहिलेल्या पत्रांतून पैसा आणि यश कमावण्याचे धडे काढले आहेत, ते पटले नाही. 2018 पासून ‘रेड हँड फाइल्स’ या आपल्या संकेतस्थळावर केव्ह चाहत्यांच्या प्रश्नांना जाहिरातीविना, फुकट उत्तरे देतात. (यशाचे धडे विकणारे फी आधी घेतात!) 2015 मध्ये त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा गेला. जवळची माणसे गमावलेल्या एका चाहतीला त्यांनी लिहिले, की प्रेम केले की शोक आलाच, करारच तो. यात कमाईचा धडा कुठला? यशाबद्दलचे त्यांचे मत हवेच असेल, तर 1996 मध्ये त्यांनी एमटीव्हीला लिहिलेले पत्र पाहावे. सर्वोत्कृष्ट गायकाचे नामांकन त्यांनी आभार मानून नाकारले. आपली प्रतिभा शर्यतीचा घोडा नाही, असे बजावले. लेखकाने नेमके तेच पत्र वगळले आहे.

— एक वाचक, सातारा