ऐरोलीला माझ्यासोबत उतरलेल्या तिघींना

परवा सकाळी ठाणे-पनवेल लोकलच्या लेडीज डब्यात कुणीतरी हाताला सॅनिटायझर चोळलं आणि मी थेट केमोच्या खुर्चीत जाऊन बसले. उपचार संपून चार वर्षं झाली, रिपोर्ट चांगले आहेत. पण नाकाला ते कोण सांगणार? छाती धडधडू लागली, हातपाय गार पडले.

मला धरून ऐरोलीला उतरवलंत, पण तुमची नावं विचारायची राहिलीच. गजरेवाल्या मावशी, तुम्ही मोगरा माझ्या नाकाशी धरलात; त्या वासाने मी फलाटावर परत आले. कॉलेजच्या पोरी, तू माझ्याबरोबर श्वास मोजलेस. आणि निळ्या साडीतल्या ताई, "आता बऱ्या झालात ना, मग कसली भीती?" असं तुम्ही विचारलं नाहीत. घरचे विचारतात, प्रेमानेच म्हणा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने १९९४ सालीच जीवघेण्या आजाराचं निदान हासुद्धा मनावरचा आघात ठरू शकतो, असं मान्य केलं होतं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी स्वतःलाच नाटकी म्हणत होते.

माझ्यापायी तुमच्या दोन गाड्या चुकल्या. मावशी, गजऱ्याचे पैसे राहिलेत. मंगळवारी त्याच गाडीला, त्याच डब्यात असेन.