मागच्या सीटवर बसून शिकवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

खानापूर-जांबोटी रस्त्यावर मी आज एकटी स्कूटरनं शाळेला जाते-येते ती तुमच्यामुळं. हे चारचौघांत सांगावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून हे जाहीर पत्र.

ब्रेक, रेस, इंडिकेटर मला कुणीही शिकवलं असतं. तुम्ही जन्मभर सरकारी बस चालवलेली. मागं बसलात आणि एकच काम लावलंत, दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. ‘पुढं बस थांबलीय’ म्हटलं की तुमचा प्रश्न ठरलेला, ‘मग आता काय होईल?’ उतरलेलं पोर बसच्या पुढून पळत येईल, हे माझ्या तोंडून येईपर्यंत तुम्ही सोडायचा नाहीत. वर ‘बसच्या खालनं पलीकडचे पाय दिसतात, बघ की!’ एक म्हैस रस्ता ओलांडून गेली की मागची येणारच, हे धरून चालायचं. ताशी 40 च्या वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढं जाते. एवढं अंतर तर ब्रेककडं हात जाईपर्यंतच संपतं, म्हणून विचार आधी झालेला पाहिजे, हे तुम्ही किती वेळा बजावलंत!

उसाच्या हंगामात तुमची फार आठवण येते. दिवाळीनंतर संध्याकाळी या भागात गाडी चालवणाऱ्यालाच ती धास्ती कळेल. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. ‘समोर एकच दिवा दिसला तर मोटरसायकल समजू नकोस, ट्रॅक्टरचा एक दिवा गेलेला असंल,’ असं तुम्ही म्हणायचा. गेल्या हंगामात एका वळणावर तसाच एकुलता दिवा दिसला. मी वेग कमी करून पार कडेला घेतली. ट्रॅक्टरच निघाला. पहिली ट्रॉली गेली, तरी मी हलले नाही, कारण दुसरी असणार हे तुम्हीच डोक्यात भरवलेलं. ती आलीच, आणि तिच्या उसाची पानं माझ्या आरशाला घासून गेली. घरी येऊन आधी आईला तुमचं नाव सांगितलं.

पावसाळ्यात ऊन पडलं तरी झाडाखालचा रस्ता ओलाच असतो, शेतातून ट्रॅक्टर वर चढतो तिथं तांबडी माती सांडलेली असते, हेही तुमचंच. रिफ्लेक्टरचं काम खरं तर ट्रॉलीवाल्यांनी आणि कारखान्यांनी करायचं. त्यांनी ते केलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ते होईपर्यंत आमच्यासारख्यांच्या जिवाला तुमच्या शिकवणीचाच आधार.

मामा, शाळेतल्या एका नव्या बाईंनी परवाच स्कूटर घेतली. रविवारी त्यांना घेऊन येते. गुडघा दुखत नसेल तर त्यांच्याही मागं जांबोटीपर्यंत बसाल का? हेल्मेट मी आणते.

तुमची,
शाळेतली बाई