वाढलेले वजन लपवणाऱ्या वजनकाट्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : हार्ट फेल्युअर देखरेख संचातील दोष, दुरुस्ती अथवा पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

आमच्या शुश्रूषा केंद्राने घेतलेल्या आपल्या संचांपैकी बीपी यंत्र ठीक आहे. फक्त त्याचा पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडाचा आहे, जाड दंडासाठी मोठा हवा. खरी तक्रार वजनकाट्याची आणि अ‍ॅपची आहे.

रुग्ण काट्यावर उभा राहिला, ६२.४ किलो. उतरवून त्याच्या हाती अर्ध्या लिटरची भरलेली बाटली दिली, तरी ६२.४च. मध्ये १० किलो कणकेची पिशवी ठेवून मग बाटलीसकट उभे केले, तर ६२.९. म्हणजे काट्याला फरक कळतो, पण आकडा जवळपासचा असला की तो मागचाच दाखवतो. बारीक होऊ पाहणाऱ्यांना हे चालेल. इथे नाही. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि साठलेले एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. घोटे सुजण्याआधी, रात्री आडवे पडल्यावर दम लागून उशी वाढवावी लागण्याआधी बहुधा ते काट्यावरच दिसते. त्यात इंदुरात पोह्यांवर खारट शेव-जिरावण कोण सोडतो!

तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली की डॉक्टरांना कळवायचे असते. आपले अ‍ॅप सात दिवसांची सरासरी पाहून इशारा देते. वजन तीन दिवसांत सारखे चढत दोन किलो वाढले, तरी सरासरी जेमतेम ०.६ किलो हलते. इशारा येणार कधी?

वर अ‍ॅप ‘हृदयक्षमता ८१ टक्के’ दाखवते. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते ते, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मोजतात, काट्यावर नाही. निरोगी हृदयाचेही ते साधारण ५५ ते ७० टक्के असते. ज्याचे ४०च्या खाली आहे, त्याच्या घरचे ८१ वाचून गोळ्या थांबवायला निघतात. शिवाय डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेल्या रुग्णालाही रोज ‘आठ ग्लास पाणी प्या’ अशी आठवण येते!

मागचा आकडा धरून ठेवण्याची सोय बंद करावी, इशारा रोजच्या वजनाची डॉक्टरांनी ठरवलेल्या कोरड्या वजनाशी (अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनाशी) तुलना करून द्यावा, टक्केवारी व पाण्याची आठवण काढून टाकावी. १५ दिवसांत हे न झाल्यास संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार इंदूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. बाटलीच्या चाचणीचे चित्रीकरण सोबत जोडले आहे.

आपले,
शुश्रूषा केंद्र, रामबाग, इंदूर