वरच्या काकूंना, खालच्या मजल्यावरून

काकू, साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलो की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणता आणि फोन काकांच्या हातात देता. काका मग अर्धा तास पुण्याच्या ट्रॅफिकवर बोलतात. म्हणून हे उघड पत्र. इथे तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही, आणि ज्यांच्या घरी पाहुण्यांची ये-जा असते त्यांनाही चार कामाच्या गोष्टी मिळतील. तुमचं नाव लिहीत नाही. इंदूरच्या लोकमान्यनगरातली अर्धी मंडळी तसंही ओळखतीलच.

मागच्या रविवारी आमच्याकडे चौदा माणसं होती, सगळी हिच्या ऑफिसातली. सातला बोलावलेली, त्यातली पाच-सहा पावणेसातलाच दारात. बाहेर धो धो पाऊस. आणि मी कुठे, तर हॉलमध्ये, लोकांच्या छत्र्या घेत, कोरड्या शर्टात. ही दोनदा स्वयंपाकघरात डोकावून आली, मी काही करायचं विसरलो तर नाही ना म्हणून. तुम्ही इंदूर सोडून पुण्याला गेल्यानंतरची आमची ही पहिली मोठी बैठक, आणि ती निभावली. कशी निभावली ते सांगायचं तर साबुदाण्याच्या वड्यांपासून सुरुवात करायला हवी. तुम्ही हसणार, हसा.

नाशिकहून इथे येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. हिचे साहेब सहकुटुंब यायचे होते आणि ही ऑफिसातून सातच्या आधी सुटणार नव्हती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, वडे करतो. साबुदाणा रात्रभर भरपूर पाण्यात ठेवला, जास्त भिजला की जास्त मऊ होईल या हिशोबाने. बटाटे कुकरमधून काढले ते वाफाळतेच कुस्करले. पहिले दोन वडे तेलात विरघळले. तिसरा फुटला, आणि फुटला म्हणजे फटाक्यासारखा. तेल ओट्यावर, टाइल्सवर, माझ्या मनगटावर. आवाज वरपर्यंत गेला असणार, कारण मी नळाखाली हात धरून उभा असताना तुम्ही दारातून म्हणालात, "पहिले गॅस बंद कर."

मग म्हणालात, "भगोनं दे एक." मला भगोनं म्हणजे काय तेच कळेना. तुम्ही स्वतःच पातेलं उचललंत. माझं मिश्रण मुठीत धरून दाबलंत तर बोटांच्या फटींतून पांढरं पाणी ओघळलं. "हा काही वड्याचा साबुदाणा नाही, ही खीर आहे." त्यात तांदळाचं पीठ मुठीमुठीने घातलंत, गोळा हाताला धरायला लागेपर्यंत. तव्यावर तूप सोडलंत, ओल्या हाताने थापलंत, मध्ये बोटाने भोक पाडलंत, झाकण ठेवलंत. एका बाजूने चार-पाच मिनिटं, उलटून पुन्हा तेवढीच. सुरीने आठ त्रिकोण कापलेत, शेजारी दही आणि दाण्याची चटणी. साहेबांच्या बायकोने विचारलं, हे काय? तर तुम्ही "साबुदाण्याचं थालीपीठ" असं सांगितलंत की जणू आठवडाभर आमचा हाच बेत ठरलेला होता. आणि कुणाची ओळख करून द्यायच्या आत जिना चढून गेलात.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन वर आलो. पेढे बाजूला ठेवून तुम्ही मला साबुदाणा भिजवायला शिकवलंत. पाणी दाण्याच्या खांद्यापर्यंत, डोक्यावरून नको. चार-पाच तासांनी दाणा दोन बोटांत दाबला तर चिरडला पाहिजे, पण एकमेकांना चिकटलेले दिसता कामा नयेत. बटाटा पूर्ण गार. नाहीतर आत कोंडलेल्या पाण्याची वाफ होते, तोवर वरचं कवच कडक झालेलं असतं, आणि वाफ स्वतःची वाट स्वतः काढते. एवढं सगळं सांगून झाल्यावर म्हणालात, "पण मी म्हणते, पाहुणे यायच्या वेळी वडे करायचेच कशाला? तू आत, ते बाहेर. मग ते आले कोणाकडे?"

काकू, हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं. समजायला सहा महिने लागले. कारण त्यानंतर तुम्ही मला जे जे शिकवलंत, त्या प्रत्येकात बेल वाजल्यानंतरचं काम दहा मिनिटांच्या आतलं होतं. बाकी सगळं काल, नाहीतर दुपारी.

कोथिंबीर वडीच घ्या. मी ती आयुष्यभर खाल्ली होती, पण ती दोन दिवसांत विभागून करायची असते हे ठाऊक नव्हतं. आदल्या दिवशी कोथिंबीर धुवायची आणि पंचावर पसरून पार कोरडी करायची. या पायरीला मी एकदा फाटा दिला तेव्हा वड्या आतून चिकट झाल्या आणि तुम्ही एक तुकडा तोंडात टाकून फक्त "पंचा कुठे गेला?" असं विचारलंत. दोन वाट्या चिरलेली कोथिंबीर असेल तर एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, तीळ, आलं-मिरची, हळद, मीठ. मीठ लागलं की कोथिंबिरीलाच पाणी सुटतं, वरून लागलंच तर शिंपडण्यापुरतं. वळकट्या करून तेल लावलेल्या चाळणीत वीस मिनिटं वाफवायच्या, सुरी खुपसून बघायची, स्वच्छ बाहेर आली की झालं. आणि मग हात बांधून बसायचं. गरम असताना कापल्या तर भुगा होतो. रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्या की दुसऱ्या दिवशी सुरी लोण्यातून जावी तशी जाते. पाहुणे चपला काढत असताना तव्यावर थोडं तेल, दोन्ही बाजू खरपूस, संपलं.

किती करायच्या, याचं तुमचं गणितही पाठ आहे. मागून जेवण असेल तर माणशी चार तुकडे, नुसताच चहा असेल तर दुप्पट. रविवारी मागून पुलाव होता, म्हणजे चौदा चोक छप्पन. छप्पन दुकान नावाची खाऊगल्ली असलेल्या इंदुरात हा आकडा कोण विसरेल? साठ कापल्या. उरलेल्या चार आमच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पोळीबरोबर नेल्या.

एका बाबतीत मात्र आपलं अजून जमलेलं नाही. तुम्ही कोथिंबीर वडीवरही जिरावन, म्हणजे तो इंदुरी चटपटीत मसाला, भुरभुरवता. पोह्यांवर जिरावन, कबूल. थंडीत गराडूवर, म्हणजे त्या तळलेल्या कंदावर, तर जिरावन आणि लिंबू नसेल तर तो गराडूच नाही, हेही कबूल. पण वडीवर नको. काळं मीठ, आमचूर, धणे, बडीशेप, लवंग, सगळं एकदम जिभेवर येतं आणि कोथिंबीर बिचारी मागे राहते. तुम्ही याला नाशिकचा हट्ट म्हणता. असेल.

गराडूची युक्तीही तुमचीच. सोलण्याआधी तळहातांना तेल, म्हणजे खाज सुटत नाही. दुपारी फोडी मंद आचेवर तळून आतून शिजवून ठेवायच्या, रंग येऊ द्यायचा नाही. संध्याकाळी कडकडीत तेलात दोन-तीन मिनिटं. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गाड्यावर साधारण हेच चालतं, हे नंतर डोळ्यांनी पाहिलं. पण सराफ्यात तळणारा वेगळा आणि गप्पा मारणारे वेगळे. घरी दोन्ही आपणच, म्हणून दुपारचं काम दुपारी.

रविवारी पावसाळा होता म्हणजे भुट्ट्याचा कीस हवाच. मका आणायला गेलो तर भाजीवाल्याने स्वीटकॉर्न पुढे केलं, "भिया, मीठा है." मीठा है हीच तर अडचण आहे. कीस गोड आणि चिकट होतो, खीर खाल्ल्यासारखं वाटतं. देशी, पांढऱ्या दाण्याची, कोवळी कणसं शोधत तिसऱ्या गाडीपर्यंत गेलो. डझनभर किसली. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद, त्यात कीस, आणि मंद आचेवर परतत राहायचं, कच्चा वास जाऊन तूप कडेने दिसेपर्यंत. इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट. तुम्ही म्हणायचात, "हात दुखायला लागला की अजून पाच मिनिटं." मग दूध, चवीला साखर, झाकण. डझनभर कणसांना मला दोन-अडीच कप दूध लागलं. लिंबू गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं. हे सगळं मी चार वाजताच उरकलं होतं. सात वाजता पाव कप दूध शिंपडून गरम केला, छोट्या वाट्यांत घातला, वर खोबरं-कोथिंबीर. हिच्या ऑफिसातला एक केरळचा मुलगा आहे, त्याने तीन वाट्या खाल्ल्या आणि तिसऱ्या वेळी वाटी घेऊन स्वतःच स्वयंपाकघरात आला.

रविवारचा तिसरा पदार्थ अगदीच आळशी, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच झाली. शनिवारी रात्री दही फडक्यात बांधून नळाला टांगलं, सकाळी फ्रिजमध्ये. चक्क्यात लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, वरून तिखटाची फोडणी, गार करून. त्यात बुडवायला काकडी-गाजर आणि कालच्या पोळ्यांचे त्रिकोण, तव्यावर मंद आचेवर फडक्याने दाबून कडक केलेले. एकीने विचारलं, ही खाकऱ्यासारखी पाकिटं कुठल्या दुकानातली? मी सांगितलं, वरच्या मजल्यावरची.

यातही आधी थोडी फजिती झालीच होती. पोळ्या गरम असतानाच डब्यात भरल्या आणि तासाभरात वातड झाल्या. पुन्हा तव्यावर घ्याव्या लागल्या. तुम्ही ताटात पसरून गार करायचात ते मी पाहिलं होतं, पण का ते कधी विचारलं नव्हतं. पाहून शिकलेल्यात अशा फटी राहतात.

चैत्रातली तुमची आंबाडाळ मात्र अजून जमत नाही. चूल पेटवायची ती फक्त फोडणीपुरती, बिघडण्यासारखं त्यात काही नाही असं तुम्ही म्हणता. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून, पूर्ण निथळून, जाडसर वाटून, कैरीचा कीस, गार केलेली फोडणी. सगळं तसंच करतो. तरी तुमच्या हळदीकुंकवाला जी मोकळी, दाणा-दाणा वेगळी डाळ असायची ती होत नाही. बहुतेक मी मिक्सर एक सेकंद जास्त फिरवतो. पुढच्या चैत्रात या, समोर उभ्या राहा.

तुमच्या फ्लॅटमध्ये आता एक नवं जोडपं आलं आहे. परवा रात्री वरून काहीतरी करपल्याचा वास आला, मग खिडक्या उघडल्याचा आवाज. मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो, ओळख नाही म्हणून. मग पुन्हा गेलो. कीस उरला होता, वाटीभर दिला. मुलगी म्हणाली, "पाहुणे येणार होते, आलेच नाहीत, बरं झालं." चाळणी आहे का विचारलं, नाही म्हणाली. तुमची चाळणी माझ्याकडेच आहे, जाताना ठेवून गेला होतात ती. तीच शनिवारी वर नेणार आहे, एक जुडी कोथिंबीर आणि पंचा घेऊन.

आणि तुमचा स्टीलचा चपटा डबा, ज्यातून तुम्ही मला पहिली आळूवडी पाठवली होती, तो सापडला. रिकामा परत करायचा नाही हे माहीत आहे. माझा एक मित्र शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. आत पाव किलो जिरावन आहे आणि त्यावर कागदात गुंडाळून शेव. झाकण पहिल्यासारखं बसत नाही, म्हणून दोन रबरं लावली आहेत.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा